डाळिंबी अंगरख्याची बाही

आमच्या गेवराईच्या घरात कपाटावर एक गाठोडं होतं, आणि ते माझं नव्हतं. जुन्या चादरीत बांधलेलं, वरून परकराच्या नाडीनं आवळलेलं. दिवाळीची आवराआवर निघाली की मी ते खाली काढायचे, धूळ झटकायचे आणि न सोडताच परत वर ठेवायचे. ह्याचं काय करायचं ठरवलंयस, असं आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वेळी विचारायच्या. मी म्हणायचे, तिचं आहे, ती नेईल.

ती म्हणजे माझी मैत्रीण. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात, बदलीची नोकरी. आमच्या घराला लागून असलेल्या घरात ते भाड्यानं राहायला आले तेव्हा तिची आणि माझी मुलं एकाच शाळेत होती. तिचं माहेर परळीकडचं, धर्मापुरीच्या जवळचं. माझं माहेर कडा. माझे वडील तिथल्या साखर कारखान्यात होते. आई दुपारभर गोधड्या शिवायची आणि मी तिच्या समोर बसून दुसऱ्या टोकाकडून टाके घालत यायचे. माझा टाका बारीक येतो, सारखा येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझ्याबद्दल दुसरं काही कुणी कौतुकानं बोललेलं मला आठवत नाही.

तिची आणि माझी गट्टी जमली ती शाळेच्या गॅदरिंगमुळं. मुलांचं ऐतिहासिक नाटक होतं आणि शाळेनं बीडहून भाड्यानं कपडे आणले होते. साटिनचे, चकचकीत, वर चिकटवलेली जर. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे सरदाराचे कपडे हायत का बँडवाल्याचे?" मला हसू आवरेना. पुढच्या वर्षीचे कपडे आपण शिवायचे, तेही मशीन न लावता, जुन्या काळी शिवायचे तसे, असं तिनं तिथं बसल्या बसल्या ठरवून टाकलं. मला विचारलंही नाही. मीही नाही म्हटलं नाही.

मग ती शोधाला लागली. तालुक्यातल्या एका गावात जुन्या जमीनदार घराण्यात पिढीजात अंगरखा जपून ठेवलाय, असं तिनं कुठूनसं ऐकलं आणि मला घेऊन तिथं गेली. घर नवंच होतं, फरशीचं, दारात ट्रॅक्टर. घरच्या सूनबाईंनी लोखंडी कपाटातून अंगरखा काढून दिवाणावर पसरला. मैत्रीण त्याच्यावर जवळजवळ ओणवीच झाली. वर्तमानपत्रं जोडून त्यावर घेराच्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या, उतरवून घेतल्या, बगलेचा तुकडा कसा बसवलाय ते बोट घालून पाहिलं. लहानपणी धर्मापुरीच्या जुन्या देवळात बाकीची पोरं प्रदक्षिणा घालायची आणि आपण भिंतीवरच्या दगडी बायकांच्या कमरेच्या गाठी बघत उभं राहायचो, असं तिनं त्या सूनबाईंना सांगितलं. त्या अगदी रंगून ऐकत होत्या. चहा आला तो आधी तिच्यापुढं गेला. मी अंगरखा उलटा करून आतले टाके बघत बसले होते. माझ्याशी कुणी काही बोललं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती बडबडत होती आणि माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. त्याला काय म्हणतात हे मला तेव्हाच कळलं होतं, उगीच कशाला लपवायचं. मला तिचा हेवा वाटत होता.

तिला दिसायचं. कापड जमिनीवर अंथरलं की त्याच्यात अंगरखा कुठं दडलाय ते तिला दिसायचं. कात्री माझी होती, वडिलांनी लग्नात दिलेली जड लोखंडी कात्री, पण चालवायची तीच. मी गुडघ्याखाली कापड दाबून धरायचे. कापून झालं की ती दोन-तीन शिवणी घालायची, त्याही खास जागच्या, गळ्याच्या गोलाईच्या, खांद्याच्या. आणि मग तिचा जीव उडायचा.

"आता काय, नुसते टाकेच तर राह्यलेत," असं म्हणून ती ते माझ्या मांडीवर टाकायची.

नुसते टाके. ती हे वाईट मनानं म्हणत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं. गॅदरिंगपुरते कपडे मी पुरे केले आणि शाळेनं नारळ देऊन दोघींचा सत्कार केला. तिला शाळेतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या डोक्यात हे येतं तरी कसं. मला म्हणाल्या, तुमचा हात फार स्वच्छ आहे. स्वच्छ हा शब्द आपण भांड्यांना वापरतो. तिच्या घरी खुंटीवर पाठच नसलेली एक खणाची चोळी लटकत असायची आणि येणारी-जाणारी बाई तिच्यापाशी थांबून हात लावून बघायची. माझ्या घरी पुरी केलेली कापडं घडी घालून ठेवलेली. ती कुणी उलगडून बघितली नाहीत.

मग तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरत असताना तिनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. अर्धवट राहिलेलं सगळं त्यात बांधलं होतं. तिकडं जागा लहान आहे, तुझ्याकडं राहू दे, म्हणाली. टेम्पो हायवेला लागेपर्यंत मी दारात उभी होते. वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

सुटले मात्र नाही. मधे बरीच वर्षं गेली, कोरोनाची साथ येऊन गेली, मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर पडली, आणि माझ्या मोबाइलवर तिचे फोटो येऊ लागले. कुठं ती पुतळ्याला बाराबंदी चढवतेय, कुठं कॉलेजच्या मुलींना कळ्या कशा कापायच्या ते दाखवतेय. नाटकवाल्या लोकांत तिचं नाव झालं होतं. आमच्या गल्लीतल्या बायकाही ते फोटो बघायच्या आणि मला सांगायच्या, तुमची मैत्रीण लई पुढं गेली बरं का. मी हो म्हणायचे. ह्यांचं कृषी केंद्र आहे, हंगामात दुकानात मीही बसते. बियाण्याच्या पाकिटांमागं बसून मी तिचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघायचे. टाके बघायचे. टाके बरे नसायचे. त्यानं थोडा वेळ समाधान वाटायचं, मग स्वतःचाच कंटाळा यायचा.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि तिनं विचारलं, ते गाठोडं हाय का अजून? एका ऐतिहासिक नाटकाचे कपडे तिच्याकडं आले होते, दिग्दर्शकाला सगळं हाताचं हवं होतं, आणि वेळ कमी होता. गाठोड्यातलं सगळं त्यात चालण्यासारखं आहे, फक्त पुरं व्हायला पाहिजे.

"तुझा हात लागला की झालंच समज," ती म्हणाली.

मी पुरं करते म्हटलं. का म्हटलं, हे ह्यांनी मला संध्याकाळी विचारलंच. "नाव तिचं हुणार. दुसऱ्याचं काम तू कावून करतीस?" तिची कापणी पुन्हा एकदा जवळून बघायची होती, एवढं खरं. जिचा हेवा वाटतो तिच्या वस्तू चाचपून बघाव्याशा वाटतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चटई टाकून गाठोडं सोडलं. कडुनिंबाचा वाळका पाला भुरभुरला. वर होती ती पाठ नसलेली चोळी. खाली बाराबंदी, तिचे बंद अजून शिवायचेच होते. मग लहान मुलाची कुंची, डोक्याचा भाग झालेला आणि मागं लोंबणारी झूल नुसती टाचलेली. आणि तळाशी डाळिंबी रंगाचा अंगरखा. आत्याबाई काठी टेकत आल्या, एकेक कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगी आरंभशूर हुती, पर नजर हुती तिला." म्हातारीनं सुद्धा असंच म्हणावं याचा मला राग आला.

दिवाळीपर्यंत माझ्या सगळ्या दुपारी त्यातच गेल्या. वाळूचे टिप्पर घरावरून गेले की ओटा थरथरायचा, तेवढ्यापुरती सुई उचलून धरायची आणि धूळ बसली की परत चालू. चोळीला पाठ लावली. बाराबंदीचे बंद वळून शिवले. दोन्ही काठ आत दुमडून वरून इतका बारीक टाका की दोरा दिसू नये. प्रत्येक कापडात कुठंतरी तिची हुशारी सापडायची. खणाचा काठ तिनं असा फिरवला होता की चोळीच्या टोकाशी तो बरोबर जुळत होता. कुंचीची झूल तिरकी कापली होती, म्हणून ती पडायची किती छान. मी चिडून टाके घालत होते. टाका मात्र सरळच येत होता. तो वाकडा यायला शिकलेलाच नाही.

शेवटी अंगरखा हाती घेतला. सगळ्यात सुंदर तोच होता. छातीवरची गोलाई, तिच्या आतून छाती झाकणारा पडदा, घेराला कळ्या. एक बाही जोडलेली होती, लांब, मनगटाकडं निमुळती होत गेलेली, हातात घातली की चुण्या पडाव्यात अशी. दुसरी बाही नव्हतीच. गाठोडं पार झटकून पाहिलं. त्या रंगाच्या चिंध्या तेवढ्या निघाल्या. मी तिला फोन केला. ती आधी आठवत राहिली, मग मोठ्यानं हसली. ते कापड तिला इतकं आवडलं होतं की उरलेल्याचं तिनं स्वतःला ब्लाउज शिवलं होतं. आणि ते ब्लाउजही कधीच विटून गेलं होतं.

"तूच बघ कायतरी. पुण्यात तसा रंग मिळणार न्हाई," असं म्हणून तिनं फोन ठेवला. कुणीतरी तिची वाट बघत होतं.

मी आयुष्यात कधी काही कापलं नव्हतं. म्हणजे उशीचे अभ्रे, पडदे कापले होते, अंगावर बसायचं कापड नाही. आधी मांजरपाटावर बाही कापून पाहिली. ह्यांना जेवणावरून उठवून घातली आणि हात वर करायला लावला. बगलेत ओढ बसली, ते तसेच हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, आता पोलिसांनाच बोलव. दुसरी बाही कापली, ती खांद्यावर फुगली. तिसऱ्या वेळी जोडलेली बाही उसवून, तिला ओंजळीत धरून नुसती बघत बसले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की वरची गोलाई पुढून खोल आहे आणि मागून उथळ, कारण माणसाचा हात पुढं येतो. तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःला शब्दांत माहीत होतं की नाही, देव जाणे.

आता प्रश्न कापडाचा. एकसंध तुकडा कुठलाच पुरत नव्हता. तेव्हा मला त्या जमीनदारांच्या घरातला अंगरखा आठवला. मी तो उलटा करून बघत बसले होते तेव्हा त्याच्या बाहीला जोड दिसले होते. त्या काळीही कापड पुरलं नसणार. पण ते जोड वरून दिसत नव्हते, एक बगलेत गडप झाला होता आणि एक मनगटाच्या चुण्यांत. मी चिंध्या जमिनीवर मांडल्या, सरकवल्या, परत मांडल्या. दुपार गेली. दुसरी दुपारही गेली. आणि मग एका घडीला मला ती बाही जमिनीवर दिसली. तुकड्यांच्या पलीकडं, पुरी, हातात चढलेली. मी कात्री उचलली आणि कापलं. अंगावर काटा आला होता. तिला हे रोज व्हायचं, हा विचार त्याच्या पाठोपाठ आला, आणि माझ्या आनंदातही हेवा मिसळला.

दिवाळीनंतर ती स्वतः कपडे न्यायला आली. केस कापलेले, खांद्याला मोठी कापडी पिशवी. आत्याबाईंच्या पाया पडली, ओट्यावर ऐसपैस बसली आणि एकेक कपडा हातात घेऊन बघू लागली. टाक्यांचं कौतुक झालं, ते मला पाठ होतं. मग तिनं अंगरखा उचलला. उजेडाकडं धरला. बाह्या पसरल्या, आणि एका बाहीवर तिचा हात थांबला. मी तिच्या पाठीमागं उभी होते.

"ही बघ, ही बाही," ती म्हणाली. "तुकडे जोडलेत, आणि कुठं दिसतंय का बघ. तवा काय हात चालायचा गं माझा. आता न्हाई जमत असं."

फोनवर काय बोललो होतो ते ती साफ विसरली होती. मी चहाची कपबशी तिच्यापुढं ठेवली. गप्प राहावं असं क्षणभर वाटलं, कारण तिच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि ते माझ्याच कामाबद्दल होतं. पण गप्प राहवलं नाही.

"ती मी कापलीय," मी म्हटलं. "दुसरी तुझी. ही माझी."

तिनं बाही उलटी केली. जोडांवरून बोट फिरवलं. मग दुसरी बाही उलटी केली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मी तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते. तिथं मला काहीतरी दिसायला हवं होतं, छोटंसं, बोचरं. दिसलं नाही. ती विचार करत होती, एवढंच.

"मग तू आधीपासून कापत कावून न्हाईस?" तिनं विचारलं.

"तू कधी म्हणालीच न्हाईस."

"मी कशाला म्हणायला पायजे? कात्री तर तुझीच हुती."

ती हे अगदी सरळपणे बोलली. चहा प्यायली, कपडे घड्या घालून पिशवीत भरले, आत्याबाईंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी तिला लागेल असं बोलायला गेले होते आणि तिला लागलंच नाही. तिला लागत नाही, याचाही मला हेवा वाटला. तिचं ते वाक्य मात्र माझ्या घरात राहिलं.

त्या नाटकाचा प्रयोग हिवाळ्यात बीडला झाला. आम्ही दोघं गेलो. तिनं आधीच मला आत बोलावून घेतलं होतं. रंगपटात गडबड चालली होती आणि ती तोंडात टाचण्या धरून एकाचं पागोटं बसवत होती. मला बघताच तिनं एका तरण्या नटाकडं बोट केलं. बाराबंदीचा एक बंद ओढून ओढून निघाला होता. मी खाली बसून त्याच्या अंगावरच तो शिवला. ह्या बाईनं माझ्या टाक्यावर अजून विश्वास ठेवलाय, असं वाटून बरं वाटलं, आणि लगेच, बघ, परत टाकेच, असंही वाटलं.

नाटक काय होतं ते मला धड सांगता येणार नाही. मी कपडेच बघत होते. मुख्य नट डाळिंबी अंगरख्यात आला. दिव्यांखाली तो रंग असा काही दिसला की पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, काय सुरेख कपडे आहेत. त्यानं हात उगारला तेव्हा माझी बाही वर गेली. बगलेत ओढ बसली नाही. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं.

पडदा पडल्यावर मंडळींची ओळख झाली. तिला पुढं बोलावलं. टाळ्या वाजल्या. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, हे कपडे माझ्या एकटीचे न्हाईत, माझी मैत्रीण गेवराईची हाय, ती इथं बसलीय, शिवलंय तर तिनंच, आणि ज्या बाहीकडं तुमी बघत हुतात ती कापलीय पण तिनंच. माणसं वळून बघायला लागली. मी अर्धवट उठले, नमस्कार केला, बसले.

गेवराईला येईस्तोवर हे खूश होते. बाई मोठ्या मनाची आहे, असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. एवढी वर्षं मला वाटत होतं की माझं नाव कुणी घेत नाही म्हणून मी जळते. आता नाव घेतलं होतं, भर सभेत, आणि तिनंच घेतलं होतं. तरी आत शांत झालं नव्हतं. तिच्याजवळ भरपूर होतं, त्यातलं तिनं उचलून मला दिलं. देताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मला ते जमलं असतं का? माझ्याकडं तर ती एकच बाही होती.

फेब्रुवारीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतल्या बायकांचं लेझीम पथक निघायचं होतं. पुढं चालणारीला अंगरखा हवा होता. बीडहून भाड्यानं आणू, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मी शिवते. कापड मी निवडलं, मोरपंखी. ओट्यावर अंथरलं, गुडघ्यांनी दाबून धरलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच कापलं. कळ्या कापताना हात दोनदा थांबला, पण थांबून पुढं गेला. मिरवणुकीच्या दिवशी ती बाई माझा अंगरखा घालून ट्रॅक्टरपुढं लेझीम खेळत गेली. हायवेच्या कडेला उभी राहून मी बघत होते. कपडा चांगला दिसत होता. लोकांनी विचारलं, तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

मी फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. कौतुक येईल, असं वाटलं होतं. कौतुक आलंच, तिनं बोलून पाठवलेला निरोप आला. आवाजात खरा आनंद होता, लई भारी झालाय म्हणाली. आणि शेवटी, जाता जाता, बोलली की डावा खांदा बोटभर खाली उतरलाय, मानेजवळ जरा आत घ्यायला पाहिजे होता.

मी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. खांदा उतरला होता. माझ्या हातात तो कपडा इतके दिवस होता आणि मला दिसलं नव्हतं. तिला पुण्यात बसून, एवढ्याशा फोटोत, लेझीम खेळणाऱ्या बाईच्या अंगावर दिसलं.

दोन दिवस मी तिला काही लिहिलं नाही. तिसऱ्या दुपारी त्या बाईकडून अंगरखा मागून आणला, खांदा उसवला, मानेजवळ आत घेतला आणि परत शिवला. बरोबर बसला. अगदी तिनं म्हटलं होतं तसाच बसला. त्याचाही फोटो काढून ठेवलाय मी. तिला अजून पाठवलेला नाही.